मंडईपर्यंत एक लडी

मंडईचे बांबू रोवायला सुरुवात झाली की मी दिवस मोजायला लागते. बांबू बाजारचौकात रोवतात आणि आमचं घर तिथून दोन गल्ल्या आत आहे, पण पहारीचा एकेक ठोका स्वयंपाकघरापर्यंत येतो. दिवाळी सरलेली असते. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा वाळत पडलेल्या असतात, सगळ्या गावाला ओल्या तणसाचा गोड वास येतो, आणि सकाळी अंगणात पाय ठेवला की मातीचा गारवा टाचेतून वर चढतो. हे सगळं मला आवडतं. मंडई आवडत नाही.

आमच्या भागात दिवाळीनंतर प्रत्येक गावाची मंडई, म्हणजे जत्रा, ठरलेल्या दिवशी भरते. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, जावई येतात, न बोलावलेले पाहुणेही येतात. जेवणं झाली की माणसं ओसरीवर पान चघळत बसतात आणि सोयरिकींच्या गोष्टी निघतात. कोणाची पोरगी राहिली, कोणाचा पोरगा राहिला. मी राहिलेली आहे. एक्केचाळिसावं लागलं तरी दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "हिचं काही जमलं नाई का वो?" मी आत वडे तळत असते. मधली भिंत कुडाची आहे. तिच्यातून सगळं ऐकू येतं.

पण यंदाची धास्ती पाहुण्यांची नाही. शेठच्या माणसानं दिवाळीआधी सांगून ठेवलं, "मंडईपर्यंत एक तरी बारीक धाग्याची लडी दाखवा. नाई तं या दाराशी पोतं ठेवणं बंद." उद्या मंडई आहे. म्हणजे मुदत आजची.

हे पोतं कसलं, दार कोणाचं, ते लिहिते.

आमच्या आंधळगावात कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड विणतात. जंगलातून किड्यांचे कोसे येतात, सुपारीपेक्षा थोडे मोठे, करडे, कडक. शेठचा माणूस त्यांचं पोतं दाराशी ठेवून जातो आणि काढलेला धागा घेऊन जातो. ते सोड्याच्या पाण्यात उकळले की मऊ होतात आणि त्यांतून धागा सुटतो. चार-पाच कोशांचे धागे एकत्र धरून डाव्या मांडीवर ठेवायचे, उजव्या तळव्यानं वळायचे, आणि डाव्या हातातल्या लाकडी फिरकीवर गुंडाळत जायचं. हे काम उघड्या मांडीवरच होतं. लुगडं वर घ्यावं लागतं, म्हणून दार लावून बसावं लागतं. सखूमावशीच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही तिघी अशा बसायचो. सखूमावशी, निर्मला आणि मी. दुपारी जेवायला उठायचो, नाही तर दिवसभर दाराला आतून कडी.

लोकांना वाटायचं, बिचाऱ्या कोंडून घेतात. मला त्या कडीसारखं सुख दुसरं कशात मिळालं नाही. पाचवीत शाळा सोडली ती गुरुजींनी मारलं म्हणून नाही, घरची अडचण होती म्हणूनही नाही. पाचवीच्या वर्गात उभं राहून धडा वाचावा लागे. मी उभी राहायची आणि आवाज गळ्यातच राहायचा. पोरं हसायची. घरी सांगितलं, पोट दुखतं. ते पोट पुढं कायम दुखत राहिलं. दुकानात जायचं असलं की मी दुकान रिकामं होण्याची वाट पाहत समोरच्या लिंबाखाली उभी राहायची. रिकामं झालं की दुकानदारच जेवायला निघून जायचा.

त्या खोलीत मात्र मी बोलायची. डोळे मांडीवर असले, हात चालू असले की शब्द आपोआप सुटतात, कोशासारखे. निर्मला उंच, काळीसावळी, बौद्धपुऱ्यातली. नवऱ्यानं सोडलेली. तिच्या घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि घरातले सगळे शिकलेले. एक भाऊ बँकेत होता. तो म्हणायचा, मीटिंगला चल, स्टेजवर बोल. ती म्हणायची, "मले स्टेजवर चढवाल तं मी मागच्या बाजूनं उतरून घरी येईन." सखूमावशी विधवा, साठी ओलांडलेली. तलावाच्या पाळीपलीकडे कितीतरी वर्षांत गेली नव्हती. कोणी दार वाजवलं की तिघींचे हात थांबायचे, तीन लुगडी एकदम खाली यायची आणि आम्ही श्वास धरून बसायचो. एकदा मतं मागणारे आले. पाच-सहा माणसं, ढोल. बराच वेळ दार वाजवत राहिले. शेवटी निर्मलाला राहवलं नाही. आतून ओरडली, "घरी कोणी नाई!" बाहेरचा ढोल थांबला. मग एक जण म्हणाला, "बरं बाई, आले की सांगजा." आणि दाराखालून कागद सरकवून गेले. आम्ही पदर तोंडात कोंबून हसलो. सखूमावशीला इतका ठसका लागला की मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

आमच्या अंगाला कोशाचा वास यायचा. उकळलेल्या किड्याचा, कुबट. कितीही आंघोळ करा, जात नाही. एसटीत बसले तर शेजारची बाई हळूच खिडकीकडे सरकायची. आणि डाव्या मांडीवर प्रत्येकीला एक पट्टा. तळहाताएवढा, काळपट, चिंचोक्यासारखा गुळगुळीत आणि कडक. त्याच्यावर धागा पाण्यासारखा सरकतो. माझा पट्टा सखूमावशीच्या पट्ट्याहून चांगला होता. तीच म्हणायची, "शेवंतेची मांडी म्हंजे काच आहे वं, काच." माझ्या अंगातल्या कशाचंही कोणी केलेलं तेवढंच कौतुक.

या आठवड्यात दादाची पोरगी पायल आली. भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. दुपारी माझ्या शेजारी आडवी झाली आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "आत्या, हे पाह्य. हे तं तूच आहे!"

जपानचं कार्टून होतं, हिंदीत बोलणारं. चार बायका, तिशी-चाळिशीतल्या, एका बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर राहतात. एक जुनी बटणं जमवते, एक खिडकीतल्या कोळ्याशी बोलते, बाकीच्या दोघी काय करतात ते नीट कळलं नाही. दारावरची घंटी वाजली की चौघी आकसत जातात, आकसत जातात, आणि वाटाण्याएवढ्या होऊन सतरंजीखाली शिरतात. पायल पोट धरून हसत होती. मलाही हसू आलं. इतक्या लांबच्या देशात कोणाला कसं कळलं असेल, असं वाटलं.

मग एक फॅशनवाली पोरगी बॅग घेऊन त्यांच्या घरात घुसते. बटणंवालीला खुर्चीत दाबून बसवते. ती नको नको म्हणते, हातपाय झाडते, आणि हे सगळं हसण्यासाठी दाखवलेलं. कात्री चालते, भुवया उडतात, चष्मा जातो. मग एकदम वाजंत्री बदलते, फुलं उडतात, आणि बटणंवाली सुंदर. रस्त्यावरचे लोक तोंड उघडं टाकून पाहतात. पायलनं माझ्याकडे पाहिलं.

"काहून नाई हसत?"

"हसली ना."

"कुठं हसली? रडकं तोंड केलं तू." मग ती म्हणाली, "आत्या, यंदा मी करून देऊ? नुसत्या भुवया. दुखत नाई."

मी पीठ मळायला उठले. पुढच्या भागात बटणंवालीच्या भुवया पुन्हा पहिल्यासारख्या जाड झालेल्या होत्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून गंमत सुरू. कार्टूनमध्ये तसं होऊ शकतं. तिथं कातडी रंगवलेली असते.

सहा वर्षांपूर्वीची मंडई. तेव्हाही असेच बांबू, अशीच पहार. वहिनी दुपारी माझ्यासमोर येऊन बसली. माझी वहिनी वाईट नाही. ती माझ्यासाठी उपास करते, हे मला माहीत आहे. म्हणाली, "शेवंताबाई, साकोलीचं स्थळ आहे. बायको वारली त्यायची. लेकरू नाई. शाळेत शिपाई आहेत, सरकारी. मंडईच्या दिवशी येऊन राहिले पाह्यले. तुमी फक्त हाव म्हणा."

मी काही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ आमच्या घरात नेहमी होकार असाच धरतात.

"आणि असं जायचं नाई त्यायच्यासमोर," ती म्हणाली. "उद्या पार्लरमंधी जाऊ."

बसस्टँडजवळ नवं पार्लर निघालं होतं. काचेचं दार, आत गुलाबाच्या सेंटचा वास, तीन आरसे. मी इतक्या आरशांत एकदम कधी दिसले नव्हते. एक वळली की तिघी वळायच्या. पार्लरवाली पोरगी चुणचुणीत, नागपूरला शिकून आलेली. तिनं माझी हनुवटी बोटानं उचलून वहिनीला विचारलं, "पूर्ण करायचं ना?" वहिनी म्हणाली, "पूर्ण." जसं मी घर आहे आणि रंग द्यायचाय.

भुवया झाल्या. डोळ्यांतून पाणी आलं तर ती म्हणाली, "रडू नका मावशी, सुंदर दिसायले थोडं सोसावं लागते." तोंडाला कसलंसं पांढरं मलम लावलं, ते चुरचुरलं. केसांना गरम चिमटा लावून सरळ केलं. मी लाकडासारखी बसून होते. मग ती म्हणाली, "आता पाय," आणि पडदा ओढला.

तिनं लुगडं वर केलं आणि तिचा हात थांबला. "अय्या, हे काय वो? जळलं होतं का?"

माझा पट्टा. तिला दिसलेला. त्या खोलीबाहेरच्या कोणाला आजवर दिसला नव्हता. शरमेनं मला कानांत घण बसल्यासारखं झालं. वहिनी पडद्याआड डोकावली. तिनं लग्न होऊन आल्यावर आठवडाभर हे काम करून पाहिलं होतं आणि सोडलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "कोशाचा डाग आहे. निघते का? उद्या लग्न झालं, नवऱ्याच्या नजरेले पडलं तं काय वाटन त्याले?"

"निघन ना. कडक कातडी तं आहे. घासू, मलम लावू, मग व्हॅक्स. एकदम जवान पोट्टीसारखी मांडी होईन."

इथं मी बोलायला हवं होतं. दोनच शब्द होते. 'मांडी सोडा.' आवाज गळ्यापर्यंत आला. मी पाहिलं, ती टाचा घासायचा दगड धुते आहे. मी पाहिलं, वहिनी बाहेर जाऊन मासिक चाळते आहे. मला तेव्हा पाचवीचा वर्ग आठवला असेल, नसेल, माहीत नाही. एवढं आठवतं की मी छताकडे पाहिलं आणि पंख्याची पाती मोजायला लागले. तीन होती. पुन्हा पुन्हा मोजली.

दगडानं घासून घासून तिनं पट्टा मऊ केला. त्याच्यावर मलम लावून ठेवलं. आग व्हायला लागली तर म्हणाली, "म्हंजे काम करून राहिलं." मग गरम मेण लावलं, त्यावर कापडाची पट्टी दाबली आणि ओढली. आवाज झाला. मी ओरडले नाही. तीच ओरडली, "ओ माय!" कापडावर माझी काच आली होती.

ती घाबरली. भराभर कोरफडीचं काहीतरी लावलं आणि वहिनीला म्हणाली, "थोडी लाली आहे, उद्यापर्यंत जाईन." वहिनीनं पाहिलं नाही. तिनं माझा चेहरा पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "किती सुंदर दिसता वो बाई," ती म्हणाली. "काहून लपवून ठेवलं इतके दिवस?"

घरी येताना मी म्हटलं, मावशीकडे फिरकी राहिली. वहिनीनं सोडलं. मला फक्त त्या खोलीत जाऊन बसायचं होतं. सखूमावशीला दाखवायचं होतं काय झालं ते. तिच्याकडे कसलासा पाला असायचा, काहीही बरं करायची. लंगडत गेले. मागच्या दाराशी उभी राहिले. आतून तळव्याखाली धागा वळण्याची सर्र सर्र ऐकू येत होती. मी दार वाजवलं.

सर्र सर्र थांबली.

फटीतून एक डोळा दिसला. निर्मलाचा. तिला बाहेर एक बाई दिसली असणार, सरळ केसांची, बारीक भुवयांची, पांढऱ्या तोंडाची, अंगाला गुलाबाचा वास मारणारी. डोळा गेला. आतून आवाज आला, "घरी कोणी नाई!"

मी उभीच. मला म्हणता आलं असतं, अगं मी शेवंता. नावच तर सांगायचं होतं. त्या दारामागे लुगडी खाली ओढून, श्वास धरून दोघी बसल्या असतील, मी जाण्याची वाट पाहत असतील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी आयुष्यभर आत होते. बाहेरून ते दार कसं दिसतं हे त्या दिवशी कळलं. खालच्या बाजूला उंदरानं कुरतडलेलं होतं. मी थोडा वेळ थांबले आणि परत गेले.

मंडईच्या दिवशी साकोलीचे पाहुणे आले. ते शिपाई आणि त्यांची मोठी बहीण. नवी साडी वहिनीनं आणलेली, अंगावर चुरचुरणारी, घाम न शोषणारी. मांडीचं चिघळलेलं तिला चिकटत होतं. मी खुर्चीवर बसले आणि पुन्हा हलले नाही. बाहेर मंडईचे पाळणे करकरत होते, भोंग्यावर कोणाच्या तरी हरवलेल्या लेकराचं नाव पुकारत होते.

साकोलीचे शिपाई मान खाली घालून बसले होते. दोन पेले पाणी प्यायले आणि तिसऱ्यासाठी इकडंतिकडं पाहिलं. मी मान वर केली तेव्हा त्यांचा कान दिसला. कानाच्या पाळीवर काळा डाग होता. केस नुकतेच रंगवलेले. कोणीतरी घाईघाईत रंगवले असतील, याच बहिणीनं बहुतेक, आणि तेही असेच लाकडासारखे बसले असतील. माझ्या मनात एक वेडी गोष्ट आली, की उठावं आणि आपल्या पदरानं तो डाग पुसावा. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणा परक्या माणसाची भीती वाटली नाही.

त्यांनी घसा खाकरला. "काम काय करता तुमी?"

मी तोंड उघडलं. वहिनी म्हणाली, "काही नाई, घरचंच. बाहेर जात नाई बिलकूल."

त्यांच्या बहिणीनं विचारलं, "तिले बोलू द्या ना. काहून वं माय, बोलता येते ना?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. दादा, वहिनी, शेजारच्या दोघी, ती बहीण. एक तेच जमिनीकडे पाहत होते. मीही जमिनीकडे पाहू लागले.

"कळवतो," बहीण म्हणाली. ओसरीवरून उतरताना तिचा आवाज कुडातून आला, "रूप ठीक आहे. पण घरात दोन मुके काय करतीन?"

सगळे मंडई पाहायला गेले तरी मी खुर्चीवरच. वहिनी चिडून आली, "आता काय रुसून बसल्या?" मी साडीकडे बोट दाखवलं. मांडीवर रक्त आणि पाणी वर आलेलं होतं. तिनं कोमट पाणी आणलं, थेंब थेंब टाकून साडी सोडवली आणि खालचं पाहून मटकन बसली. "बोलल्या काहून नाई?" ती रडत म्हणाली. "माय वं, एक शब्द तरी बोलायचा होता!"

ती म्हणत होती, डॉक्टरकडं चला. मी गेले नाही. डॉक्टर पुरुष होता आणि जागा मांडीची होती. हळद लावली, तूप लावलं. ते पिकलं. ताप आला. धान चुरून झालं, गहू पेरून झाला, मी खाटेवर. यात वहिनीची चूक किती, त्या पोरीची किती आणि माझी किती, हे मी सहा वर्षं वाटून पाहते. प्रत्येक वेळी माझाच वाटा मोठा येतो.

जखम भरली तेव्हा तिथं कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी आली. गुलाबी, चकचकीत, पोट्टीसारखी. त्या पोरीनं सांगितलं होतं तशीच. त्याच्यावर धागा टाकला की अडकतो, कातडी फाटते, धाग्याला रक्त लागतं. तसा धागा कोणी घेत नाही. दाराबाहेरची ती बाई मीच होते हे कळलं तेव्हा निर्मला माझ्यासमोर बसून खूप रडली होती. "मीच नाई म्हणून ओरडली वं, घरी कोणी नाई म्हणून." मी म्हटलं, खरंच तर होतं. नंतर रस्त्याकडे धागा काढायच्या मशीनचा हॉल निघाला. तिथं पोरी खुर्चीवर बसतात, पाय झाकलेले, दार उघडं. भावानं आग्रह केला आणि निर्मला तिथं गेली. परवा पाण्यावर भेटली. म्हणाली, "चांगलं आहे. पण माणसं लय पाह्यतात."

मी खोलीत जातच राहिले. कोसे उकळायची, निवडायची, सखूमावशीला हाताशी द्यायची. मावशीची नजर गेली. आधी धूसर झाली, आता उजेड-अंधार तेवढं कळतं. बोटांना अजून येतं सगळं, पण धाग्यात एक कोसा कमी झाला, धागा बारीक पडला, हे डोळ्यांशिवाय वेळेवर कळत नाही. तिचा माल जाड-बारीक यायला लागला. म्हणून शेठचा माणूस दिवाळीआधी तसं बोलला. पोतं बंद झालं तर सखूमावशीच्या खोलीत मी कशाला जाणार? गप्पा मारायला जाणाऱ्यांतली मी नाही. कोणाच्या घरी जायचं तर हातात काम लागतं, नाही तर मी उंबरठ्यावरूनच परत फिरते. आणि ती खोली नसली तर मग मला दुसरीकडे कुठं बोलता येईल, ते मला सुचत नाही. घरात मी हळूहळू भिंतीसारखी झाले आहे. पायल आली की तेवढी विचारते.

भादव्यापासून मी उजव्या मांडीवर शिकते आहे. कोणाला सांगितलं नाही. सगळं उलटं. डाव्या तळव्यानं वळायचं, उजव्या हातात फिरकी. हात चुकतो. धागा उलटा पिळला जातो आणि सुटतो. चाळिशीत पुन्हा शाळेत बसल्यासारखं, फक्त हसणारी पोरं नाहीत. सखूमावशी आवाजावरून ओळखते. "घाई करून राहिली तू. तळवा उचलू नको, सरकव." उजवी मांडी सुजते, लाल होते. मी थांबत नाही. चारदा लडी केली आणि चारदा मीच उकलून टाकली. पाचवी ठेवली.

आज दुपारी दार वाजलं. आम्ही दोघींनी लुगडी खाली केली. आता उठणारी मीच उरले आहे. मी लडी घेऊन दार उघडलं. शेठचा माणूस होता, पंचविशीचा पोरगा. खांद्यावर पोतं होतं. चौकातून भोंग्याची चाचणी ऐकू येत होती. त्यानं लडी उजेडात धरली, दोन बोटांत पकडून धागा सरकवला. सरकला. पुन्हा सरकवला. मग अडकला. त्यानं तिथं नख लावून पाहिलं.

"हे तुमी काढली?"

मी मान हलवली.

"मावशीचा हात नाई हा." तो वाईट बोलत नव्हता. "गाठी आहेत बाई. पीळ बी उलटा आहे. मागावर तुटन. शेठ मलेच बोलतीन."

आज मी बोलले. मी म्हटलं, "अजून थोडे दिवस द्या." आवाज फुटका आला, पण आला. पाचवीच्या वर्गात जो आला नाही, पार्लरमध्ये आला नाही, साकोलीच्या माणसासमोर आला नाही, तो आज आला. मला वाटलं, एवढं झाल्यावर काहीतरी होईलच.

"मी कोण देणारा?" तो म्हणाला. "मशीनच्या हॉलमंधी या ना. तिकडे पोट्ट्या लागतेत." लडी माझ्या हातात ठेवली, पोतं खांद्यावर नीट केलं आणि गेला. गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत मी पोत्याकडे पाहत होते.

दार लावून आत आले. सखूमावशी भिंतीला टेकून बसली होती, तोंड दाराकडे.

"गेला?"

"गेला."

"काय म्हणला?"

"चांगली आहे म्हणला."

"पोतं ठेवलं?"

मी हातातल्या लडीकडे पाहिलं. "ठेवलं," म्हटलं.

ती हळूच सरकली. भिंत धरत, जमीन चाचपत दारापर्यंत गेली. मला तिला थांबवायचं होतं, पण मी लडी धरून उभीच राहिले. तिनं कडी काढली आणि बाहेर हात घातला. उंबरठ्यावर हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पायरीवर फिरवला. पायरीच्या बाजूलाही फिरवला, जिथं पोतं कधीच ठेवत नाहीत. हात परत घेतला. त्याला लागलेली धूळ लुगड्याला पुसली. कडी लावली आणि तशीच चाचपत आपल्या जागेवर येऊन बसली.

"ठेवलं म्हणते तू, तं ठेवलं," ती म्हणाली. "बस. धागा काढ."

मी लडीचं टोक शोधलं, पाचव्यांदा उकलायला. उजवीकडचं लुगडं वर घेतलं आणि बसले.